वाळ्याचं जॅकेट

चार नंबरच्या बोक्याची मोटर उघडली आणि करपलेल्या वॉर्निशचा वास थेट नाकात गेला. माझे वडील जळगावला मोटरी रिवाइंड करायचे, त्यामुळे हा वास मी लहानपणापासून ओळखते. तांब्याच्या तारेवर वॉर्निशचा पातळ थर असतो. तार फार तापली की तो आधी तपकिरी होतो, मग काळा पडतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. चार नंबरची कॉइल काळी पडली होती. टॅबलेटवर मात्र त्याच मोटरची तापनोंद सांगत होती की गेल्या तीन महिन्यांत ही मोटर एकसष्ट अंशांच्या वर एकदाही गेलेली नाही. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि खोटं बोलायला लागणारी अक्कल वॉर्निशला नसते.

बोका म्हणजे काय ते आधी सांगते. सिन्नरच्या पुढे माळावर ‘शिवपंख ब्रॉयलर्स’ नावाचा कोंबड्यांचा फार्म होता. मी, हेमांगी बिरारी, तिथली रिमोटवरच्या गाड्यांची तंत्रज्ञ. दोन हजार छत्तीस साली पक्ष्यांच्या रोगाने हाहाकार केला, माणसंही दगावली, तेव्हापासून शेडमध्ये माणसाने पाय ठेवायचा नाही असा नियम आला. मग मेलेल्या कोंबड्या उचलणार कोण? त्यासाठी या गाड्या आल्या. रबरी पट्ट्यांवर चालणारी, गुडघ्याएवढी उंच गाडी, पुढे चिमटा आणि मागे टोपली. मेलेली कोंबडी चिमट्यात धरून ती बाहेर यायची, म्हणून कुणीतरी तिला बोका म्हणालं आणि तेच नाव पडलं. आमच्याकडे असे सहा बोके होते. चालवणारा माणूस बाहेर गार केबिनमध्ये हातात रिमोट घेऊन पडद्याकडे बघत बसायचा. मुलांच्या खेळण्यातल्या रिमोटच्या गाडीत आणि यात फरक फक्त आकाराचा. तीच ब्रशलेस मोटर, तोच स्पीड कंट्रोलर, आणि दुखणंही तेच. तापणं.

शेडमध्ये अठरा हजार कोंबड्या, गेलेल्यांच्या जागी नव्या येत राहायच्या. खाली भुसा, भुशात विष्ठा, विष्ठेतून सुटणारा अमोनिया. बोका बाहेर आला की त्याच्या अंगावर पिसं चिकटलेली असायची. पंख्यात पीस अडकायचं, कंट्रोलरच्या हीटसिंकच्या, म्हणजे ऊब बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या फटींत विष्ठेची भुकटी घामट हवेने भिजून गिलाव्यासारखी बसायची. ती रोज सकाळी टूथब्रशने खरवडायची हे माझं काम. वरचा थर कोरडा असतो, खालचा ओला निघतो. अकरा वर्षं मी हे केलं आणि एक दिवसही मला त्याची सवय झाली नाही. घरी येऊन दोनदा साबण लावायचा, तरी पोळी लाटताना नखांतून तो वास येतोय असं वाटत राहायचं.

आता थोडं तापण्याविषयी. मोटरला ओझं जास्त ओढावं लागलं की ती जास्त करंट खेचते. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यामुळे थोडंसं जादा ओझंही मोटरला फार महागात पडतं. स्पीड कंट्रोलरचं दुखणं आणखी वेगळं. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वेग ठरवतो, आणि प्रत्येक चालू-बंदला थोडी ऊब सुटते. नवख्या माणसाला वाटतं की गाडी हळू चालवली म्हणजे ती गार राहील. चढावर ओझं घेऊन अर्ध्या वेगाने रखडवली तर ती पूर्ण वेगापेक्षा जास्त तापते. म्हणून कंट्रोलरमध्ये अक्कल घातलेली असते. ताप ठरावीक आकड्याच्या वर गेला की तो गाडीची ताकद कमी करतो आणि तरीही ऐकलं नाही तर गाडी बंद करतो.

या साध्या अकलेतून तापनोंद निघाली. पुण्यातल्या काही पोरांनी एक चिप बनवली. बाहेरची हवा किती गरम आहे, मोटर किती तापली आणि किती वेळात तापली, एवढ्यावरून ती मोटरने किती वजन ओढलं हे उलट हिशेबाने सांगायची, तेही किलोत. वजनकाट्याखाली दगड लावता येतो. करंट मोजणाऱ्या यंत्राला शेजारून एक तार जोडली की ते निम्माच करंट बघतं, हे कुठलाही वायरमन जाणतो. पण केलेल्या कामाची उष्णता लपवणार कुठे? सरकारला हे फार आवडलं. चार वर्षांत कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, खडीचे डंपर सगळीकडे तापनोंद आली. अर्धा टँकर रिकामा नेऊन पूर्ण भरल्याची पावती घेणारे घरी बसले. पोल्ट्रीत तर तापनोंद म्हणजे मेलेल्या कोंबड्यांची मोजदाद झाली. बोक्यांनी दिवसभरात जेवढं वजन बाहेर काढलं तेवढी मर. दिवसाला एकशे ऐंशीच्या वर कोंबड्या गेल्या की पशुसंवर्धन खात्याची माणसं तपासणीला येणार. रोगाचा संशय आला किंवा नोंद लपवलेली सापडली, तर अख्खी शेड मारायची आणि फार्मला सील. आठवड्याच्या तापनोंदीवर शुक्रवारी सही करायची ती परवानाधारक तंत्रज्ञाने, म्हणजे मी.

फेब्रुवारीअखेरीलाच ऊन असं पेटलं की बोके बंद पडायला लागले. भर शेडमध्ये बोका अडकला की त्याला काढायला दुसरा बोका पाठवायचा, आणि तोही तापायचा. माझा नवरा हर्षल फार्मचा सुपरवायझर होता. तो म्हणाला, हेमा, काहीतरी कर, नाहीतर शेठ मलाच आत पाठवतील. मी केलं. वाळ्याच्या मुळ्यांची जाड विणलेली झूल शिवली, ती मोटरीभोवती आणि कंट्रोलरभोवती गुंडाळली, वर पाण्याची छोटी पिशवी लावली आणि झुलीतून हवा ओढायला एक पंखा बसवला. ओल्या वाळ्यातून जाताना पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली ऊब घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात बाहेर त्रेचाळीस अंश असताना झुलीच्या आत अठ्ठावीस असायचे. एकही बोका पुन्हा बंद पडला नाही. सगळे त्याला वाळ्याचं जॅकेट म्हणायला लागले. शेठनी मला ऑफिसात बोलावून शाल-श्रीफळ दिलं. हर्षलने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

आता मात्र त्या काळ्या कॉइलकडे बघताना काय झालं असणार ते मला लगेच कळलं. चिप बाहेरची हवा मोजायची ती बोक्याच्या पोटाखालच्या सेन्सरने, म्हणजे त्रेचाळीस अंश. मोटरचा ताप मोजायची तो वरच्या कवचावर, जॅकेटच्या आत, गारव्यात. त्रेचाळीसच्या उन्हात मोटर जेमतेम साठ अंशांवर, म्हणजे ओझं किरकोळ असणार, असा तिचा हिशेब. किरकोळ ओझं म्हणून ती ताकदही कमी करत नव्हती. वरून कवच गार आणि आत तार भाजून निघत होती. मी मोटरी थंड ठेवल्या नव्हत्या, थर्मामीटर तेवढा थंड ठेवला होता.

पण मग बोका एवढं काय ओढत होता? नोंदीत तर एका फेरीला सरासरी अकरा किलो होते, आणि रोजची मर सत्तरच्या आसपास.

मंगळवारी मी चार नंबरला नवी मोटर घातली, जॅकेट काढून ठेवलं आणि दुपारच्या फेरीला पाठवला. चालवायला दगूमामा होते. साठीचे, पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे, आणि मोटरवर बोट ठेवून मनात पाच आकडे मोजायचे. पाचाच्या आत बोट उचलावं लागलं तर मोटर जास्त तापली, एवढं त्यांचं शास्त्र, आणि ते क्वचितच चुकायचं. टॅबलेटवर पहिल्या फेरीचा आकडा आला, एकेचाळीस किलो. दुसऱ्या फेरीचा चव्वेचाळीस. एक कोंबडी दोन किलोची धरली तर फेरीला वीसबावीस. सहा बोके, दोन-दोन फेऱ्या, कधी एखादी जास्त. म्हणजे रोज अडीचशेच्या वर कोंबड्या मरत होत्या आणि मी दर शुक्रवारी सत्तरवर सही करत होते.

आणखी एक गोष्ट दिसली. मेलेल्या कोंबड्या जाळायचा खड्डा शेडच्या खालच्या अंगाला, उताराला. उतारावर मोटरला काम नसतं, ताप खाली यायला हवा. इथे शेड सोडल्यावर ताप चढत गेला होता. बोका चढाला लागला होता.

मी मामांना विचारलं की गाडी कुठे नेता. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "खड्डा त होळीपासून बंद हे ताई. साहेबांनी सांगितलं, मागच्या फाटकावर ने. तुम्हाला म्हाइती नही?"

मला माहीत नव्हतं. साहेब म्हणजे माझाच नवरा.

मागचं फाटक टेकाडावर होतं, बाभळींच्या आड. भर दुपारी तिकडे कुणी फिरकत नसे. मी चालत गेले. फाटकाबाहेर पांढरी फ्रीजरची गाडी उभी होती. खाली प्लास्टिक अंथरून दोन माणसं बसली होती आणि त्यांच्या पुढ्यात आमच्या कोंबड्यांचा ढीग. काही सकाळच्या, काही कालच्या असाव्यात. पाय ताठ झालेले, पोटं फुगलेली, पोटाखालची कातडी हिरवट पडायला लागलेली. एकजण पिंपातल्या उकळत्या पाण्यात कोंबडी बुडवून काढायचा आणि पिसं हाताने ओरपून घ्यायचा. पिसांबरोबर कधी कातडीही यायची. दुसरा पोट फाडून आतलं बादलीत टाकायचा, मग आंबूस वासाच्या कसल्यातरी पांढऱ्या पाण्यात मांस बुचकळून क्रेटमध्ये रचायचा. बादलीवर माश्यांचा थर इतका दाट होता की आतलं दिसतच नव्हतं. त्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखीची असल्यासारखं हसला. मला वाटतं माझ्या शर्टावर फार्मचं नाव होतं म्हणून.

गाडीच्या दारावर लाल पगडीवाल्या आचाऱ्याचं चित्र होतं. ते मी चांगलं ओळखत होते. दर रविवारी आमच्या वसाहतीत या आचाऱ्याच्या बिर्याणीची पाकिटं फुकट वाटली जायची. कंपनीकडून कामगारांना भेट, असं सांगायचे. एका घराला दोन पाकिटं. पाकीट पाच मिनिटं गरम करायचं की झालं. मी दहा-अकरा रविवार ती खाल्ली होती, मसाल्याचं कौतुक करत, बोटं चाटत.

मी बाभळीला धरून ओकले. ओकून झाल्यावरही उमासे थांबेनात. आणि तिथे वाकलेली असतानाच मला हर्षलचा रविवार आठवला. मार्चमध्ये त्याने अचानक खंडोबाचा रविवार धरला होता. रविवारी मांस-मच्छी बंद. आमच्या बिराऱ्यांत खंडोबा कुलदैवत असला तरी हर्षलने आयुष्यात कधी उपास केलेला नव्हता, म्हणून मी त्याची खूप थट्टा केली होती. आता मल्हारी तुला नक्की पावणार, म्हणायचे. तो हसायचा आणि वरणभात कालवायचा. त्याच्या वाटचं पाकीटही माझ्यापुढे सरकवायचा. म्हणायचा, खा गं, मला काय त्याचं.

सगळं माहीत असून तो माझ्यासमोर बसून मला खाताना बघत होता.

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. मी तीन नंबर आणि सहा नंबरच्या मोटरी उघडून बघितल्या. दोन्हींच्या कॉइली काळ्या. गुरुवारी सकाळी फ्रीजमध्ये उरलेलं एक पाकीट मी गरम केलं, ताटात काढलं आणि हर्षलपुढे ठेवलं.

"खा," म्हटलं.

त्याने ताटाकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "रविवार धरलाय ना मी."

"आज गुरुवार आहे."

त्याने ताट हळूच बाजूला सारलं. आम्ही दोघं जळगावच्या आयटीआयला एका वर्गात होतो. मोटर त्यालाही कळते. जॅकेट बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात वजनाचे आकडे खाली आले, तेव्हा मी बोके बंद पडत नाहीत या आनंदात होते. माझ्या कामात भोक आहे हे त्याला माझ्याआधी दिसलं होतं. ते त्याने मला सांगितलं नाही. आधी शेठला जाऊन सांगितलं, आणि शाल-श्रीफळ त्यानंतरचं होतं.

हे सगळं त्याने स्वतःच सांगितलं, अगदी शांतपणे, सुटे भाग मांडून ठेवावेत तसं. कोंबड्या रोगाने मरत नाहीत, उन्हाने मरतात, म्हणाला. उकळत्या मसाल्यात काही जिवंत राहत नाही. तपासणी लागली तर शेड मारतील, फार्म बंद होईल, चाळीस घरं उघड्यावर येतील. आपलंही त्यातच. तीन आठवड्यांनी पाऊस आला की मर आपोआप खाली येईल आणि विषय संपेल. मी विचारलं की उन्हानेच मेल्या हे कुणी तपासलं. त्यावर त्याने जे म्हटलं ते माझ्या कानातून अजून जात नाही.

"तू खाल्लंस ना तीन महिने? काय झालं तुला?"

सोळा वर्षांच्या संसारात मला त्याचा राग अनेकदा आला होता. किळस पहिल्यांदा आली. त्याचे हात, त्याने प्यायलेला पेला, खुर्चीवर टाकलेला त्याचा टॉवेल, सगळ्याचीच. मी ते ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि फार्मवर गेले. सहाही बोक्यांची जॅकेटं काढली. मग आमच्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. शबनम तडवी यांना फोन लावला आणि म्हटलं की उद्याच्या तापनोंदीवर मी सही करणार नाही, मागच्या बारा सह्याही चुकीच्या आहेत, आणि चूक कुणामुळे झाली तर माझ्यामुळे.

त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला पुढचं माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. नोंद लपवली म्हणजे रोग आहे असं धरायचं, हा नियमच होता. नमुन्यांचा अहवाल यायच्या आतच शेड मारायचा हुकूम आला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, शेडच्या खिडक्या बंद केल्या, आत वायू सोडला. अर्धा तास आतून फडफड ऐकू येत होती, मग नाही. सतरा हजारांवर कोंबड्या, त्यातल्या बहुतेक सकाळपर्यंत धडधाकट दाणे टिपत होत्या. त्या बाहेर काढायला बोके, आणि बोके चालते ठेवायला मी. दगूमामांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि निघून गेले.

तीन दिवस लागले. जॅकेटं नसल्यामुळे मोटरी तापत होत्या, म्हणून तीन बोके चालवायचे आणि तीन पंख्यापुढे गार करायचे अशी पाळी लावली. ओझं निम्मं ठेवलं असतं तर मोटरींना सोसलं असतं, पण दुसऱ्या दिवसापासून ढीग फुगायला लागला होता आणि कुणालाच थांबायचं नव्हतं. चिमटा लागला की कोंबडी मध्येच फुटायची. रबरी पट्ट्या त्या घाणीत घसरायच्या, पट्टी घसरली की मोटर नुसतीच फिरून तापायची, मग मी पाण्याच्या फवाऱ्याने पट्ट्या धुवायची आणि ते पाणी माझ्याच बुटांत यायचं. मी जेवले नाही, फक्त लिंबूपाणी प्यायले, आणि तेही एकदा उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी तापनोंदीतलं एकूण वजन आणि खड्ड्याशी केलेलं वजन यांत फक्त नऊ किलोंचा फरक निघाला. खात्याचा एक तरुण अधिकारी म्हणाला की मॅडम, इतकी अचूक नोंद आम्ही कुठेच पाहिली नाही. त्याच्या तोंडावर ओकावंसं वाटलं. त्या पोराची काही चूक नव्हती.

नमुन्यांचा अहवाल दहा दिवसांनी आला. रोग नव्हता. कोंबड्या खरंच उन्हाने मरत होत्या. म्हणजे हर्षल तेवढ्यापुरता बरोबर होता, आणि सतरा हजार कोंबड्या माझ्या फोनमुळे गेल्या. ते मी नाकारत नाही. पण हिरव्या पडलेल्या मांसावर आचाऱ्याचं चित्र चिकटवून ते लोकांना खायला घालणं वाईट ठरायला रोग लागतच नाही, तसलं मांस पुरेसं असतं.

गुन्हा हर्षलवर दाखल झाला. शेठ म्हणाले, आम्हाला यातलं काही माहीतच नव्हतं. हर्षल जामिनावर सुटला आणि चाळीसगावला भावाकडे गेला. जाताना माझ्याकडे आला नाही, मीही स्टेशनवर गेले नाही. वसाहतीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं होतं, त्यांनाही माझ्यासारखी शिसारी येईल, त्यांच्या पोरांनीही तेच खाल्लं होतं. शेजारची सुरेखा नळावर म्हणाली की तू बोलली नसतीस तर आम्हाला कळलं तरी असतं का. तिला किळस बिर्याणीची आली नव्हती, माझी आली होती. आठवडाभरात मी घर सोडलं आणि नाशकात एक खोली घेतली.

डॉ. तडवी तिथे दोनदा आल्या. ताप कवचावर मोजू नका, सेन्सर थेट कॉइलच्या गाभ्यात बसवा, मग कुठलंही जॅकेट चालणार नाही, असं मी त्यांना चित्र काढून समजावलं. माझ्याच शिवणीवरचं ते औषध. त्यांनी ते वर पाठवलं. नियम बदलायला वर्ष तरी जाईल, म्हणाल्या, कारण राज्यभरच्या गाड्यांच्या मोटरी बदलाव्या लागतील.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी वर्तमानपत्रांत आली. जॅकेट कसं होतं, त्याने आकडे कसे खाली आले, सगळं सविस्तर होतं, आणि माझं नावही होतं. बातमी वाचून लोकांना किळस येईल अशी माझी समजूत होती. लोकांना कल्पना सुचली.

पहिला फोन त्याच संध्याकाळी आला. माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याचाही पोल्ट्री फार्म होता, साताऱ्याकडे. म्हणाला, "ताई, ते वाळ्याचं जॅकेट तुम्हीच करता ना? आमच्याकडे मोटरी फार तापतात हो."

मी विचारलं, किती तापतात.

"छप्पन्न. कधीकधी सत्तावन्नवरही जाते."

सत्तावन्न अंशांना मोटर तापली असं कुणी म्हणत नाही. ऐंशीपर्यंत तिला काही होत नाही, आणि फार्म चालवणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. पावसाळा तोंडावर आलेला होता, उन्हाची तक्रार करायचे दिवसही संपले होते. त्याला वाटलं, मी किमतीचा विचार करतेय. तो म्हणाला की किती लागतील ते सांगा, आम्हाला आठ नग हवेत, आणि शेजारच्या दोन फार्मनाही विचारून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी असाच एक फोन संगमनेरहून आला, एक मालेगावहून. एकाने तर सांगितलं की आकडा किती खाली येतो ते आधी कळलं तर बरं. एकही जण चिडून किंवा लाजून बोलत नव्हता. नवीन मिक्सर विकत घ्यावा तसं सगळं चाललं होतं.

पहिल्या फोनवर मी नाही म्हणाले होते. त्यानंतर मी नाही म्हणणं बंद केलं. मी प्रत्येकाला हो म्हणते. किती नग, कुठल्या मोटरी, फेऱ्या कधी होतात, कोंबड्या किती, सगळं विचारते. जॅकेट मापाने शिवायचं तर हे विचारायलाच हवं, असं त्यांना वाटतं आणि ते मनापासून सांगतात. शेवटी मी पत्ता विचारते. आज दुपारी फोन केलेल्या माणसाने फार्मचं नाव, गाव, तालुका, पिनकोड सांगितला, शिवाय कुरिअरवाल्याला सापडावं म्हणून शेडच्या रंगाची खूणही दिली. मी सगळं नीट लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, आणि त्याने बरोबर आहे म्हणून सांगितलं. मग मी तो कागद डॉ. तडवींना पाठवला. तो एकोणिसावा पत्ता होता.